तार गावापर्यंत आली, पाड्याचे काय?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भारत संचार निगमाच्या स्वदेशी बनावटीच्या ‘फोर-जी’ यंत्रणेचे उद्‌घाटन झाले. सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्चून उभारलेले ९७,५०० मनोरे आणि आजवर संपर्काबाहेर राहिलेल्या सव्वीस हजारांहून अधिक गावांना जोडण्याचा संकल्प, असा त्या समारंभाचा सारांश होता. देशी अभियंत्यांनी देशी यंत्रे घडवावीत, याचा अभिमान कोणालाही वाटावा. परंतु आकड्यांची एक खोड असते. ते किती मोजले हे सांगतात; काय मोजले हे मात्र विचारल्यावाचून सांगत नाहीत. मनोरे मोजले, गावे मोजली. पण ज्या माणसासाठी हा खटाटोप, तो माणूस त्या मोजणीत नेमका कोठे उभा आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. मुंबईपासून जव्हार जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे सव्वादोन लाख. तीतील दर दहा माणसांत नऊ आदिवासी. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी अशा जमातींची ही वस्ती डोंगरउतारांवर विखुरलेली आहे. नागली, वरई आणि भात ही त्यांची पिके. दिवाळी सरली की भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्या आणि महानगरातील बांधकामे हा त्यांचा दुसरा हंगाम. या भागाच्या नजरेतून देशातील सरकारी दूरध्वनीचा इतिहास वाचू लागले, की तो यंत्रांचा इतिहास राहत नाही. कोणत्या काळी राज्यकर्त्यांनी कोणाला मोजण्याजोगे मानले, याचा तो इतिहास ठरतो.

पेढ्यांची तार

या देशात दूरध्वनी आला तो व्यापाराच्या बोटाला धरून. इंग्लंडमधील ओरिएंटल टेलिफोन कंपनीस परवाना मिळाला आणि जानेवारी १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे पहिली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. बंदर, गिरणी, पेढी आणि साहेबाची कचेरी ही त्या काळची मोजमापाची एकके होती. १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्राची आणि दूरध्वनीची सर्व सत्ता सरकारने आपल्या हाती घेतली. त्यामागे प्रजेची सोय कमी आणि राज्याची सुरक्षितता अधिक होती. १८५७ च्या उठावात तारायंत्राने इंग्रजांना किती साथ दिली, हे राज्यकर्ते विसरले नव्हते. पुढे १९४३ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील खाजगी दूरध्वनी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, आणि डाक-तार खाते हे या क्षेत्राचे एकमेव मालक बनले.

त्या काळी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. संस्थानी प्रजा स्वतंत्र देशाची नागरिक झाली; परंतु ज्या देशाची ती नागरिक झाली, त्या साऱ्या देशात तेव्हा सुमारे ऐंशी हजार दूरध्वनी होते. त्यांतील बहुतेक महानगरांत असताना सह्याद्रीच्या या कुशीला त्यांचा वाटा मिळेल, अशी अपेक्षा करणेच व्यर्थ होते. राज्य आपले झाले. तार अजून पेढ्यांचीच होती.

चैनीची वस्तू

स्वातंत्र्योत्तर काळात सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९४८ मध्ये बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना उभा राहिला. नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान, मध्यस्थाविना थेट परगावी बोलण्याची सोय प्रथम झाली. तरीही नियोजनकारांच्या दृष्टीने धरण, पोलाद आणि वीज यांच्यापुढे दूरध्वनीचे स्थान खालचेच राहिले. पोट आधी आणि बोलणे मागून, हा त्यांचा विचार वरवर पाहता चुकीचाही नव्हता. १९८० च्या दशकारंभी तत्कालीन दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन यांनी दूरध्वनी ही चैन आहे, हक्क नव्हे, अशा आशयाचे उत्तर संसदेत दिल्याचे आजही सांगितले जाते. त्या उत्तराची थट्टा पुष्कळ झाली; पण ते एकट्या मंत्र्याचे मत नव्हते, ती तीन दशकांची राजनीती होती.

शहरातील मध्यमवर्गाने या राजनीतीचे चटके सोसले. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबायचे, ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसायचे, घाई असेल तर ‘अर्जंट’चे आणि त्याहून घाई असेल तर ‘लाइटनिंग’चे चढे दर मोजायचे, हे शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घरांतील वडीलधाऱ्यांना अजूनही आठवते. परंतु प्रतीक्षायादीत नाव असणे हीदेखील एक प्रकारची प्रतिष्ठाच होती. अर्ज करण्याइतका पैसा, लिहिण्याइतके अक्षरज्ञान आणि तार पोहोचेल असे घर, या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नव्हत्या, तो त्या यादीतही नव्हता. वंचितांची गणती मागणी करणाऱ्यांमध्ये होत नसल्यामुळे त्यांच्या भागात मागणीच नाही, असा निष्कर्ष काढणे सरकारी खात्यास सोपे गेले.

ही स्थिती केवळ भारताची नव्हती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने नेमलेल्या सर डोनाल्ड मेटलंड यांच्या आयोगाने १९८४ च्या अखेरीस आपला अहवाल पूर्ण केला. एकट्या टोकियो शहरात साऱ्या आफ्रिका खंडाहून अधिक दूरध्वनी आहेत, हे त्यातील वास्तव जगभर गाजले. पुढील शतकाच्या आरंभापर्यंत पृथ्वीवरील प्रत्येक माणसाच्या सहज आवाक्यात एक तरी दूरध्वनी असावा, असे उद्दिष्ट त्या आयोगाने मांडले. घरात दूरध्वनी असण्याहून आवाक्यात दूरध्वनी असणे महत्त्वाचे, हा त्यातला विचार गरीब देशांसाठी मोलाचा होता.

कित्तूरचे यंत्र आणि ठाण्याची वाटणी

योगायोग असा, की त्याच वर्षी, ऑगस्ट १९८४ मध्ये, भारतात ‘सी-डॉट’ या संशोधन संस्थेची स्थापना झाली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. परदेशी केंद्रांना वातानुकूलित खोली, धूळविरहित हवा आणि अखंड वीज लागे. भारतीय खेड्यात या तिन्ही गोष्टींचा अभाव. सी-डॉटच्या तरुण अभियंत्यांनी नेमके हेच सूत्र धरले आणि वातानुकूलनाविना चालणारे, १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण स्वयंचलित केंद्र घडविले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम कार्यान्वित झाले. खेडे हे शहराचे लहान रूप नाही, त्याच्या गरजांचा वेगळा विचार करावा लागतो, हे एका यंत्राने सिद्ध केले.

परंतु त्याच १९८६ साली दुसराही एक निर्णय झाला, आणि त्याचा परिणाम ठाणे जिल्ह्याच्या पोटातून गेला. आदल्या वर्षी डाक आणि दूरसंचार ही खाती विभक्त झाली होती. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई आणि दिल्ली या दोन महानगरांसाठी महानगर टेलिफोन निगम ही वेगळी सरकारी कंपनी अस्तित्वात आली. मुंबईबरोबर नवी मुंबई आणि ठाणे शहर तिच्या वाट्याला आले. जिल्ह्याचा उर्वरित भाग खात्याच्या कल्याण विभागाकडे राहिला. कल्याण, भिवंडी, वसई यांच्याबरोबर जव्हार आणि मोखाडाही.

दूरध्वनीच्या अर्थकारणाचे मर्म येथे लक्षात घेतले पाहिजे. दाट वस्तीत एक मैल तार शंभर ग्राहकांना पुरते. डोंगराळ मुलखात एका ग्राहकासाठी अनेक मैल तार ओढावी लागते. म्हणून जगभर शहरातील नफ्यातून खेड्यातील तोटा भरून काढण्याची रीत पडली. मुंबईची मिळकत वेगळ्या तिजोरीत गेली, की डोंगराचा भार वाहण्याची उरलेल्या खात्याची शक्ती तितकीच घटणार, हे उघड होते. महानगराच्या सेवेत सुधारणा व्हावी हा हेतू वाईट नव्हता. तथापि वैतरणेच्या खोऱ्यातील माणसास हा न्याय अपरिचित नसावा. १९५७ मध्ये मोडकसागर आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे बांधून या खोऱ्यातील पाणी मुंबईला नेण्यात आले. मोखाड्यातील स्त्रिया उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलोगणती चालतच राहिल्या. डोंगराकडून महानगराकडे जाणारी वाट नेहमीच तातडीने बांधली जाते. उलट दिशेची वाट निधीअभावी थांबते.

गाव मोजले, पाडा राहिला

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले, ते तेथील बालमृत्यूंमुळे. शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले. त्या मृत्यूंचे कारण दूरध्वनीचा अभाव हे नव्हे. भूक, रोगराई, तुटलेले रस्ते आणि निष्काळजी शासन ही ती कारणे. परंतु ज्या पाड्यावरचे मूल आजारी आहे, त्या पाड्याची हाक जव्हारच्या रुग्णालयापर्यंत जाण्यास माणसाच्या पायांवाचून साधन नव्हते, हेही तितकेच खरे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने देशाची स्थिती स्वतःच नोंदवली आहे: ५,७६,४९० खेड्यांपैकी केवळ सुमारे १ लाख ४० हजार खेड्यांत दूरध्वनी, म्हणजे चारांतील तीन खेडी मुकी. १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यात दूरध्वनी नेण्याचे वचन त्याच धोरणाने दिले.

ते वचन मुदतीत पाळले गेले नाही. खेड्यात एक सार्वजनिक दूरध्वनी बसविण्यासाठी रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पण ती वारंवार बिघडू लागली आणि पुढे हजारोंच्या संख्येने बदलावी लागली. खाजगी कंपन्यांना परवाने देताना खेड्यांत सार्वजनिक दूरध्वनी बसविण्याची अट घातली होती. ती बव्हंशी कागदावर राहिली. दंड भरणे हे तार ओढण्याहून स्वस्त पडले. अखेरीस ते ओझेही सरकारी यंत्रणेच्याच खांद्यावर आले. १९९९ च्या नव्या धोरणाने ग्रामीण भागात दर शंभर माणसांमागे ०.४ दूरध्वनी असल्याची कबुली दिली, आणि २०१० पर्यंत हे प्रमाण ४ वर नेण्याचे ठरविले.

आकडे पुढे पुष्कळ सुधारले. परंतु ‘खेडे’ हे जे एकक धोरणाने धरले होते, त्यातच जव्हार-मोखाड्याची कोंडी होती. देशावरील गाव एका गावठाणात नांदते. पारावर दूरध्वनी बसला की तो गावाचा होतो. या डोंगरांत महसुली गाव म्हणजे एका नावाखाली नोंदलेले अनेक पाडे. एक पाडा ओहोळाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, तिसरा डोंगराच्या माथ्यावर. पावसाळ्यात ओहोळ भरला की एकाच गावातील दोन पाडे एकमेकांना दुरावतात. अशा गावात ग्रामपंचायतीजवळ एक यंत्र बसले आणि सरकारी वहीत ‘जोडलेले गाव’ अशी नोंद झाली, तर ती नोंद खोटी नसते. परंतु पलीकडच्या पाड्यापुरती निरर्थक असते.

मोबाइलच्या युगात हा दोष नाहीसा व्हावयास हवा होता. तो रूप बदलून टिकला. मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्याच्या मागची दरी सावलीत जाते. सपाट मुलखात एक मनोरा जितकी वस्ती व्यापतो, तितकी वस्ती सह्याद्रीच्या घड्यांत व्यापण्यास अनेक मनोरे लागतात. म्हणूनच रेंज मिळविण्यासाठी टेकडी चढावी लागते, ठरावीक झाडाखाली वा ठरावीक खडकावर जाऊन उभे राहावे लागते. दुर्गम भागात हा नित्याचा अनुभव आहे. त्या खडकावरचा माणूस आकडेवारीत ‘ग्राहक’ असतो. रात्री दोन वाजता घरात प्रसूतिवेदना सुरू झाल्या, तर तो ग्राहक नसतो.

निगमाचा उत्कर्ष आणि उतरण

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची सेवा भारत संचार निगम या सरकारी कंपनीकडे गेली. सुरुवातीची वर्षे भरभराटीची होती. १९ ऑक्टोबर २००२ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी लखनौ येथे निगमाच्या मोबाइल सेवेचा प्रारंभ केला. सरकारी कंपनी स्पर्धेत उतरताच दर उतरण्यास मदत झाली, आणि शिक्षक-कारकुनांच्या खिशातही मोबाइल दिसू लागला. २००४-०५ मध्ये निगमाचा नफा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक होता. खेड्यांचा भार वाहणारी कंपनी नफा कमावू शकत नाही, या समजुतीला त्या वर्षाने उत्तर दिले होते.

मग उतरण का लागली? कारणे अनेक आहेत, आणि त्यांपैकी काहींचा दोष निगमाच्याच पदरात जातो. निविदांचा घोळ, निर्णयांतील दिरंगाई, तक्रारींविषयीची उदासीनता, बिघडलेल्या तारांकडे दुर्लक्ष यांनी ग्राहक दुरावला. परंतु मालक म्हणून सरकारचे वर्तन अधिक विचारात घेण्याजोगे आहे. ग्रामीण जोडण्यांचा तोटा भरून काढण्यासाठी २००३ मध्ये इतर कंपन्यांच्या सेवांवर जो विशेष आकार बसविला होता, तो २००८ मध्ये रद्द झाला. ग्रामीण जबाबदारी मात्र रद्द झाली नाही. २०१० मध्ये निगमाला ‘थ्री-जी’ आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी लिलावात ठरलेल्या दराने अठरा हजार कोटींहून अधिक रक्कम भरावी लागली. ज्या कंपनीने लिलावात बोलीच लावली नव्हती, तिने लिलावाची किंमत मोजली. खाजगी कंपन्यांनी २०१२ पासून ‘फोर-जी’ सेवा सुरू केली. सरकारी कंपनीला त्या लहरी देण्याचा निर्णय सरकारनेच २०१९ मध्ये घेतला. सात वर्षे धावपटूचे पाय बांधून ठेवायचे आणि शर्यतीअंती त्याच्या मंदगतीवर टीका करायची, असा हा प्रकार झाला.

२००९-१० पासून निगम तोट्यात गेला. त्यानंतर २०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन पुनरुज्जीवन योजनांची मालिका झाली. पहिल्या योजनेत स्वेच्छानिवृत्ती आली, आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी निवृत्त झाले. जमाखर्चाच्या दृष्टीने ते आवश्यकही असेल. परंतु कोणत्या खांबावर कोणती जोडणी आहे आणि कोणत्या नाल्यापाशी तार दर पावसाळ्यात तुटते, हे ज्यांना तोंडपाठ होते, ते माहितगार लाइनमनही त्या लोंढ्यात गेले. असे ज्ञान कोणत्याही ताळेबंदात दाखविले जात नाही. म्हणून ते गेल्याची नोंदही झाली नाही. २०२४ च्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत निगमाने २६२ कोटी रुपयांचा नफा दाखविला. सुमारे सतरा वर्षांनंतरचा हा तिमाही नफा दिलासा देणारा आहे. पण डोंगरातील मनोरा किती तास चालू होता, हे त्यावरून कळत नाही.

हक्काच्या दारावरचा पहारेकरी

येथवरचा इतिहास वाचून कोणी म्हणेल, की खाजगी कंपन्यांनी २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त केले, त्यांचे मनोरे तालुक्याच्या गावी उभे राहिले, मग सरकारी कंपनीचा आग्रह कशासाठी? हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. देशातील बहुसंख्य ग्राहक आज खाजगी कंपन्यांकडेच आहेत, आणि त्यांच्यामुळे स्थलांतरित मजुराला वीटभट्टीवरून घरच्यांशी बोलता येते, हे मान्य केले पाहिजे. पण बाजार जेथे ग्राहक दाट तेथे जातो. हा त्याचा गुन्हा नव्हे, स्वभाव आहे. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही ग्रामीण दूरध्वनीसाठी १९४९ मध्ये सरकारी कर्जाची योजना आखावी लागली, कारण मोठ्या कंपन्या दूरच्या शेतवस्त्यांकडे वळत नव्हत्या.

याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. गेल्या दशकात राज्यसंस्थेने आपल्या जवळजवळ प्रत्येक कर्तव्याच्या दारावर दूरध्वनी नावाचा पहारेकरी बसविला आहे. रास्त भाव दुकानातील धान्य ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्यावर मिळते; तो ठसा दूरच्या संगणकाशी पडताळला जावा लागतो. अंगणवाडी सेविकेला २०२१ पासून बालकांच्या नोंदी मोबाइलवर भराव्या लागतात. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून मोबाइलवर नोंदविणे सक्तीचे झाले. ज्या महाराष्ट्राने १९७२ मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी देशाला दाखविली, तेथे हजेरीपट हा कागदाचा होता. कागदाला रेंज लागत नसे. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये रोजगार हमीच्या जागी नवा कायदा संमत केला, तरी मोबाइलवरील नोंदींचा आग्रह त्यातही आहेच. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक २०१४ पासून राज्यभर आहे. परंतु क्रमांक फिरविण्यासाठी आधी दूरध्वनी लागला पाहिजे, आणि तो लागल्यावर गाडी येण्यासाठी रस्ता असला पाहिजे. मोखाड्यातील गर्भवतींना डोलीतून न्यावे लागल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही येत राहिल्या आहेत.

याचा अर्थ स्पष्ट आहे. १९८० मध्ये दूरध्वनी चैन आहे, असे म्हणणाऱ्या सरकारने निदान धान्य आणि मजुरी त्या चैनीवर अवलंबून ठेवली नव्हती. आजचे सरकार दूरध्वनीला चैन म्हणत नाही. मात्र ज्याच्यापाशी रेंज नाही, त्याच्या धान्याची आणि मजुरीची वाट ते बिकट करते. हक्काची वाट ज्याने तारेवरून नेली, ती तार अखंड ठेवण्याचे दायित्वही त्याच्याकडेच येते. येथे नफा-तोट्याची भाषा लागू होत नाही. घाटातील रस्ता किती नफा कमावतो, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

मोजमाप बदलले पाहिजे

पैसा नाही, ही सबब या बाबतीत टिकणारी नाही. दुर्गम भागातील सेवेसाठी २००२ पासून सर्व कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के आकार घेतला जातो. तो अखेर सामान्य ग्राहकाच्याच खिशातून येतो. या निधीतील जवळजवळ निम्मी रक्कम दीर्घ काळ वापरावाचून पडून राहिली होती. आता त्या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले आहे. नाव बदलले, तसे मोजमापही बदलले पाहिजे.

पहिली गोष्ट, गावाऐवजी पाडा हे एकक धरावे. कोणत्या पाड्यावर, घराच्या उंबरठ्यावर उभे राहून, बोलणे होते आणि कोठे होत नाही, याची तालुकावार यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे ग्रामसभेला कायद्याने विशेष स्थान आहे. जोडलेले गाव कोणते, हे ठरविण्याचा अधिकार दूरच्या कचेरीऐवजी त्या सभेला असावा.

दुसरी गोष्ट, किती मनोरे उभारले याऐवजी ते किती तास चालू राहिले, हे प्रसिद्ध करावे. जुन्या दूरध्वनीला केंद्रातील बॅटरीतून वीज मिळे. गावाची वीज गेली तरी तो बोलत असे. मनोऱ्याची वीज गेली आणि बॅटरी निकामी असली, की साऱ्या खोऱ्याचा आवाज एकदम बंद होतो, आणि तोही नेमक्या वादळी पावसात, जेव्हा हाक मारण्याची गरज सर्वांत अधिक असते. सौरऊर्जा, चांगल्या बॅटऱ्या आणि दुरुस्तीसाठी तालुक्यातच राहणारा माणूस, या तीन गोष्टींवाचून मनोरा म्हणजे केवळ लोखंडाचा सांगाडा होय. स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आदिवासी तरुणांना या कामाचे शिक्षण दिले, तर निवृत्तीबरोबर गेलेले ज्ञान पुन्हा मातीत रुजेल आणि काही घरांची स्थलांतराची फरफटही थांबेल.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत निकडीची. जोपर्यंत पाड्यावर रेंज नाही, तोपर्यंत रेंज नाही या कारणास्तव कोणाचेही धान्य, मजुरी वा पोषण आहार अडविला जाणार नाही, असा निःसंदिग्ध नियम करावा आणि तो दुकानाच्या फळीवर लावावा. कागदी नोंद हा तेथे अपवाद न राहता नागरिकाचा हक्क ठरावा. यंत्र चुकले तर शिक्षा माणसाला, हा न्याय लोकशाहीला शोभत नाही.

जव्हारला ०२५२० आणि मोखाड्याला ०२५२९ असे स्वतःचे क्रमांक मिळाले, तेव्हा हे दोन तालुके देशाच्या बोलण्याच्या नकाशावर आले. तो सन्मान सरकारी खात्यानेच दिला, हे विसरता येत नाही. खात्याचे निगम झाले, तारेच्या लहरी झाल्या, लाभाची हानी आणि हानीचा पुन्हा थोडा लाभ झाला. या साऱ्या स्थित्यंतरांत जी कसोटी कधी लावलीच गेली नाही, ती लावण्याची वेळ आली आहे. सरकारी दूरध्वनी कंपनी कशासाठी हवी, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतील ताळेबंदात मिळणार नाही. भर पावसाळ्यातील रात्री ओहोळापलीकडच्या शेवटच्या पाड्यावरून दवाखान्यास फोन लागतो की नाही, एवढीच ती कसोटी आहे. तिला उतरली, तर तोटाही सार्थकी लागला असे म्हणता येईल. न उतरली, तर लाखभर मनोऱ्यांचे वैभवही त्या पाड्याला अंधारातूनच पाहावे लागेल.